फ्रिजवरचा तक्ता

ही गोष्ट सांगायची मी बावीस वर्षं टाळली. विसरलो नव्हतो. वेळ मिळाला नाही असंही नाही. टाळली. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चात परीक्षांचा मोसम आला की ती घशाशी यायची आणि मी ती चहाबरोबर गिळायचो. मग परीक्षा संपायच्या, सुट्टीची तिकिटं निघायची, उन्हाळा लागायचा आणि मी आणखी एका वर्षापुरता सुटायचो. आता माझं वय त्र्याहत्तर. यंदा सुटलो नाही, कारण जावयानं फगा आणला.

फगा म्हणजे वाळवंटातली अळंबी. थंडीत दोन-चार चांगले पाऊस झाले, ढग गडगडले, की सौदी माणसं गाड्या काढून वाळवंटात जातात, जमिनीला बारीक भेग दिसेल तिथं बोटांनी उकरतात. दिसायला मातीत लोळलेला बटाटा. रियाधमध्ये अल मलाझला माझ्या मुलीचं, मीनलचं घर आहे. तिच्या खालच्या भाजीवाल्याकडे या दिवसांत फगा लाकडी खोक्यातून येतो. जावयानं पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि तो वास आला. ओल्या वाळूचा, भिजलेल्या पोत्याचा. माझी नात सई दहा वर्षांची आहे. ती नाक जवळ नेऊन म्हणाली, "आजोबा, इट स्मेल्स लाइक रेन." मी उठून आत गेलो आणि दार लावून पलंगावर बसून राहिलो.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही खफजीला होतो. कुवेतच्या सीमेजवळचं सौदी गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका लहान प्लँटवर मी शिफ्ट इंजिनिअर होतो. या दिवसांत पहाटे धुकं असायचं, दुपारी वारा सुटून सगळं पिवळं व्हायचं आणि संध्याकाळी खिडकीच्या फटीत वाळूची रेघ सापडायची. मीनल चौदा वर्षांची, नववीत. एकुलती एक.

तिला आदल्या वर्षी आजार झाला होता. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात, आम्ही घरात 'खोडणं' म्हणायचो. ती एक ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची. अक्षर मनासारखं आलं नाही तर आईला काहीतरी होईल, असं तिचं मन तिला सांगायचं. हे खोटं आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. कळून थांबता येत नव्हतं, तोच आजार. वहीच्या पानांना भोकं पडायची. मी आधी ओरडलो, मग खोडरबर लपवले, मग एकदा हात उचलला. ते सगळं झाल्यावर सुनंदानं, माझ्या बायकोनं, हट्टानं दम्मामला डॉक्टरांकडे नेलं. तीन तासांचा रस्ता. डॉक्टर हैदराबादचे होते, हळू बोलणारे. त्यांनी गोळी सुरू केली आणि मला बजावून सांगितलं, "साहब, दवा अपने मन से बंद नहीं करनी है. बच्ची अच्छी दिखने लगेगी, तब सबसे ज़्यादा सँभालना."

पहिले दोन महिने काही दिसलं नाही. मग एके दिवशी तिनं निबंधाचं अख्खं पान लिहून माझ्यापुढे धरलं. एकही खोडाखोड नाही. आणि ती तशीच उभी राहिली.

गोळी चुकू नये म्हणून मी एक तक्ता केला होता. प्लँटवर दर तासाला आकडे नोंदायचा कागद असतो, तसाच. पट्टीनं आखलेला. तारीख, वेळ, बरोबरची खूण, सही. फ्रिजवर लोहचुंबकानं लावला. नाश्ता झाला की सुनंदा गोळी द्यायची, मीनल पाणी प्यायची आणि गोळी देणारानं सही करायची. घरी येणाऱ्या मराठी मंडळींना मी तो तक्ता अभिमानानं दाखवायचो. म्हणजे तक्ता दाखवायचो. कशाचा ते सांगायचो नाही. व्हिटॅमिनचा म्हणायचो. तो पहिला खोटेपणा. तेव्हा लहान वाटला होता.

जानेवारीच्या शेवटी नाशिकला सुनंदाची आई पडली, खुब्याचं ऑपरेशन ठरलं, सुनंदा गेली. जाताना विमानतळावर तिनं मला एकच गोष्ट तीनदा सांगितली, "अहो, गोळी." मी म्हणालो, "मी प्लँट चालवतो, एक गोळी देता येणार नाही?"

आता पुढचं नीट लिहितो, कारण हेच मी आजवर कुणापुढे नीट मांडलेलं नाही.

मीनल बरी होती. पण दुपारी पुस्तकावर डोकं टेकून झोपायची. परीक्षा चार आठवड्यांवर आली होती आणि विज्ञानाचा अर्धा भाग राहिला होता. आमच्यात मिरजेचे देसाई होते, माझ्याच प्लँटवर. एका शुक्रवारी ते जेवायला आले, तक्ता बघून त्यांना शंका आली, त्यांनी खोदून विचारलं आणि मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "डोक्याच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्माच्या चिकटतात हो. पोरगी छान आहे की तुमची." देसाईंना मी बावीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. सोयीचं होतं. देसाईंनी फक्त तोंड उघडलं, माझ्या मनात ते आधीच शिजलेलं होतं. माझ्या मुलीला वेड्यांची गोळी लागते, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून सहन होत नव्हती. झोप, परीक्षा, विज्ञान ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली.

दुसऱ्या दिवशी मी गोळी बंद केली.

मुलगी स्वतः विसरली असती तर फसवावं लागलं नसतं. पण ती विसरायची नाही. नाश्ता झाला की स्वतः ग्लास भरून यायची. "बाबा, गोळी." चौदा वर्षांची मुलगी, आपल्याला काय झालंय हे ओळखून, रोज न चुकता औषध मागत होती. अशी मुलं मिळत नाहीत. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. आणि मी काय केलं? सुनंदाच्या कपाटात बाराक्षाराच्या गोळ्यांच्या बाटल्या होत्या, दर सुट्टीत ती नाशिकहून आणायची. त्यातली एक परीक्षेच्या दिवसांत मेंदूला चांगली, असं माझी आई सांगायची. पांढरी, गोल, तेवढीच लहान. ती मी मीनलच्या तळहातावर ठेवली. तिनं गिळली. मी तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि सही केली.

दोन-तीन दिवसांनी ती म्हणाली, "बाबा, ही गोड लागते."

मी म्हणालो, "कंपनी बदलली."

सव्वीस दिवस. सव्वीस खुणा, सव्वीस सह्या. सुनंदा रोज नाशिकहून फोन करायची, "दिली?" मी म्हणायचो, "दिली." खोटं बोललो असंही मला वाटत नव्हतं. काहीतरी दिलंच होतं.

मी काय काम करायचो ते सांगायला हवं, म्हणजे माझा स्वतःवरचा राग कळेल. समुद्राचं पाणी तापवलं की नळ्यांच्या आत थर धरतो. तो धरू नये म्हणून पाण्यात एक रसायन अगदी थेंबाथेंबानं सोडावं लागतं. ते सोडणारा पंप बंद पडला तर पहिले काही दिवस काहीही होत नाही. सगळे काटे जागच्या जागी. नवा पोरगेला इंजिनिअर म्हणतो, बघा, त्याशिवायही चालतंय. आणि मग नळ्या बुजतात आणि अख्खं युनिट उघडावं लागतं. माझ्या नोकरीत तो पंप एक तास बंद ठेवणाऱ्या ऑपरेटरला मी सगळ्यांसमोर झापलं होतं. "काटे बरोबर आहेत म्हणून पंप बंद करतोस? काटे बरोबर आहेत ते पंप चालू आहे म्हणून." हे माझं वाक्य आहे. त्याच हिवाळ्यातलं. ते बोलून मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला गोड गोळी दिली.

त्या मोसमात फगा खूप आला होता. प्लँटवरचा अबू फहद, माझा शिफ्टमधला सौदी सोबती, त्यानं पिशवीभर दिला. म्हणाला, नीट धू, नाहीतर दातात वाळू येते. मीनल म्हणाली, मी धुते. जुना टूथब्रश घेऊन ती सिंकपाशी उभी राहिली. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत होतो. नळाचा आवाज येत राहिला. खूप वेळानं मी आत गेलो. तिनं एकेक फगा घासून घासून साल काढली होती, सालीखालचा गर काढला होता. पिशवीभरातून गोट्यांएवढे चार-पाच तुकडे उरले होते आणि ती अजून घासतच होती. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

मी हसलो. "अगं, जेवायला काही ठेवशील का नाही?" तीही हसली, पण हात थांबला नाही. मी नळ बंद केला. स्वच्छतेची फार आवड आहे, असं सुनंदाला फोनवर कौतुकानं सांगितलं. सुनंदा लगेच म्हणाली, "गोळी देताय ना?"

मी रागावलो. हो, मीच रागावलो. "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?"

पहिला पेपर इंग्रजीचा होता. अकरा वाजता शाळेतून फोन आला. मी प्लँटवरून तसाच गेलो, हेल्मेट गाडीत. वर्ग रिकामा होता, बाकीची मुलं गेली होती. मीनल शेवटच्या बाकावर होती आणि एक शिक्षिका तिच्या शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. पुढ्यात उत्तरपत्रिका. पहिल्या प्रश्नाची पहिली ओळ. ती तिनं तीन तास लिहिली होती. कागद फाटला होता, खालचा फाटला होता, त्याच्या खालचा फाटला होता. खोडरबराचा चुरा बाकावर असा पडला होता, जसा आमच्या खिडकीत वाळूचा थर. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मी रोज घेतली होती ना?"

मी म्हणालो, "हो."

सुनंदा मिळेल त्या विमानानं परत आली. आम्ही दम्मामला गेलो. मी तक्ता बरोबर नेला होता. का नेला? कुणीही मागितला नव्हता. डॉक्टरांनी तो बघितला, एकही दिवस रिकामा नाही हे बघितलं, आणि कपाळ चोळत म्हणाले की नियमित औषध चालू असताना इतक्या जोरात उलटणं त्यांना समजत नाही. त्यांनी मीनलला विचारलं. ती म्हणाली, रोज घेतली, बाबांनी दिली. मग त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. दार लागलं. डॉक्टर आमच्याकडे बघत राहिले. त्या खोलीत मला सगळं सांगता आलं असतं. पाच शब्द पुरले असते. डॉक्टर रागावले असते, सुनंदा महिनाभर बोलली नसती, मीनलची जुनी गोळी पुन्हा सुरू झाली असती आणि ती उन्हाळ्यापर्यंत सावरली असती. यापेक्षा जास्त काहीही झालं नसतं.

मी जे बोललो ते शेवटी लिहितो. अजून हात तिथवर जात नाही.

परिणाम असा झाला की डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून दोन्ही केलं, गोळी बदलली आणि गोळी गिळल्यावर पोरीचं तोंड बघत जा, असं सुनंदाला बजावलं. जी गोळी लागू पडत होती ती लागू पडत नाही, असं कागदोपत्री ठरलं. नव्या गोळीनं मीनलचं वजन वाढलं, हात थरथरायचा. आणि घरात दुसरी गोष्ट सुरू झाली. गोळी दिली की सुनंदा म्हणायची, "तोंड उघड. जीभ वर कर. गाल दाखव." रोज. चार वर्षं. वाढदिवसाला, दिवाळीला, पाहुणे आले तर स्वयंपाकघरात नेऊन. आधी मीनल रडायची. मग रडायची नाही, गोळी गिळून आपणच तोंड उघडून उभी राहायची, नजर छताकडे. मी शेजारी टोस्टला लोणी लावत असायचो.

अठराव्या वर्षी ती पुण्याला शिकायला गेली आणि पहिल्या आठवड्यात तिनं गोळ्या बंद केल्या. फोनवर शांतपणे सांगितलं की ज्या औषधानं काही होत नाही ते ती घेणार नाही. सगळे तिला बेजबाबदार म्हणाले. मीही म्हणालो.

ती शिकली, लॅबमध्ये लागली, लग्न केलं, नवऱ्याबरोबर इकडे आली. आज एका खासगी हॉस्पिटलात रक्त तपासते. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. मला कळतं. घराबाहेर पडताना ती गॅसचं बटण किती वेळा बघते हे मी मोजतो. जावई खाली गाडीत बसून वाट बघतो आणि हॉर्न वाजवत नाही. चांगला माणूस आहे.

आणि आता सई. दाराची चौकट दोन्ही हातांनी सारखी शिवल्याशिवाय ती आत येत नाही. एका हातानं जास्त शिवलं गेलं तर परत बाहेर, परत आत. नोव्हेंबरात शाळेला उशीर व्हायला लागला. जानेवारीत जावई तिला नागपूरच्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला, इथंच असतात. त्यांनी गोळी सुरू केली आणि सांगितलं की दहा-बारा आठवडे धीर धरा. आई-वडील दोघंही सकाळी लवकर जातात, सईच्या परीक्षा, म्हणून मला नाशिकहून बोलावलं. व्हिजिट व्हिसावर आलो. काम एकच, सईला नाश्ता आणि गोळी द्यायची. नियतीला विनोदाची फार हौस असावी.

पहिल्याच सकाळी सईनं गोळी गिळली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तोंड उघड बघू."

मीनल दारात चपला घालत होती. ती परत आत आली. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "बाबा, माझ्या घरात कुणी कुणाचं तोंड तपासणार नाही. आईनं केलं तेवढं पुरे झालं."

रविवारी सुनंदा व्हिडिओ कॉलवर असते. गुडघ्यांमुळे तिला प्रवास होत नाही. तिनं सईच्या गोळीची चौकशी केली आणि मग हसत म्हणाली, "लक्ष ठेवा हो पोरीवर. तिची आई थुंकून टाकायची." गंमत म्हणून. बावीस वर्षांत ती घरातली गंमत झाली आहे. मीनलनं फोन सईच्या हातात दिला आणि गॅसचं बटण बघायला गेली.

गोळीचा तिसरा आठवडा संपल्यावर मीनलनं मला सांगितलं की ती सईची गोळी बंद करणार आहे. फरक शून्य. मी म्हणालो, डॉक्टरबाईंनी दहा आठवडे सांगितले आहेत. ती म्हणाली, "बाबा, मी एक दिवस न चुकवता घेत होते. तक्ता होता. आणि तरी कोसळले. माझ्यावर प्रयोग झालाय, रिझल्ट मला माहीत आहे. त्या पोरीला कशाला त्यातून नेऊ?"

लॅबमधली बाई. तिच्या लेखी पुरावा पुरावा असतो. आणि तो पुरावा मी पट्टीनं आखून, निळ्या शाईनं सही करून तयार केलेला होता.

त्याच आठवड्यात फगा आला. शुक्रवार होता. जावई सईला घेऊन बागेत गेला होता. मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा मीनल सिंकपाशी टूथब्रश घेऊन फगा धूत होती. ओठ हलत होते. ती मोजत होती. एक फगा वीसदा घासून झाला की ठेवून दुसरा उचलायचा, असा तिनं स्वतःला नियम घालून घेतला असावा. औषधाविना ती अशी जगली आहे, आकड्यांचं कुंपण घालून. मी तिच्या मागे उभा राहिलो आणि सांगितलं. गोळी बंद केली होती, सव्वीस दिवस, बाराक्षारातली दिली, खुणा खोट्या. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला सांगतात तसं सांगितलं. काय, कधी, किती.

तिनं नळ बंद केला. पाठ माझ्याकडेच होती.

"गोड लागायची," ती म्हणाली. "मी तुम्हाला म्हणाले होते."

"हो."

"म्हणजे औषध फेल गेलं नव्हतं."

"नाही."

"आणि आईला माहीत आहे?"

"नाही."

तिनं हातातला फगा तसाच, अर्धा मातीचा, ताटात ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं म्हणायची मला लाज वाटते. ते पुन्हा माझंच बरं बघणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सईला स्वतःच्या हातानं गोळी दिली आणि सांगितलं, "दहा आठवडे, पिल्लू. मग बघू." परवा डॉक्टरबाईंना फोन करून सईची पुढची तारीख घेतली, आणि मोठ्या माणसांना तपासणाऱ्या एखाद्या डॉक्टरचं नाव विचारलं. कुणासाठी ते बोलली नाही. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा ठेवते. साखर बरोबर असते.

मी अर्धंच सांगितलं, याचा आज मला सगळ्यात जास्त संताप आहे. बावीस वर्षांनी तोंड उघडलं, तेही जेवढं नातीच्या गोळीसाठी लागेल तेवढंच. दम्मामच्या त्या बंद दारामागचं मी पुन्हा मागे ठेवलं. मीनल अजून समजते की आपल्यावरचा तो आळ आईच्या संशयातून आला. त्यापायी ती आईला कधी मिठी मारत नाही. आणि सुनंदा, जिनं डॉक्टरांचा शब्द पाळायचा म्हणून चार वर्षं पोरीचं तोंड उघडून बघितलं, ती नाशिकला बसून अजून माझं वाक्य गंमत म्हणून सांगते.

पुढच्या बुधवारी माझं विमान आहे. नाशिकला पोचल्यावर सुनंदाला समोर बसवून सांगेन. मीनलशी समोरासमोर बोलायला जमत नाही. तीनदा गेलो आणि तीनदा सईच्या पेपरचं विचारून परतलो. ती मराठी सावकाश वाचते, पण वाचते. म्हणून इथं लिहितो.

मीनल, तू बाहेर बाकावर बसली होतीस. आत डॉक्टर आईकडे आणि माझ्याकडे बघत होते. "थुंकत असेल," असं मी म्हणालो. तू थुंकली नव्हतीस. तू रोज ग्लास भरून आली होतीस. मला माफ कर.